रिॲक्शनचा रेट मोजायचे प्रयोग: लॅबमध्ये हमखास विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या प्रॅक्टिकलला कायनेटिक्स, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचा भाग, आलं की मला दर वर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, एक बॅच जाते आणि दुसरी बॅच येऊन परत पहिल्यापासून सुरू. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. दहावीची मुलं आणि त्यांचे आईबाबा पण विचारतात, त्यांचेही प्रश्न मध्येच घुसवलेत. जास्त भर हायपो आणि ॲसिडवाल्या प्रयोगावर आहे कारण परीक्षेला तोच येतो आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्यातच होतो. त्यात फ्लास्क कागदावर काढलेल्या फुल्लीवर ठेवायचा, हायपोत ॲसिड घालायचं, आणि तयार होणाऱ्या सल्फरने गढूळ होऊन फुल्ली दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं.

प्र. मॅडम, रेट मोजायचा म्हणता पण आम्ही तर फक्त वेळ मोजतोय. रेट कुठंय?

बरोबर पकडलंत. रेट म्हणजे ठरावीक वेळात किती माल तयार झाला किंवा संपला. हायपोच्या प्रयोगात आपण उलटीकडून जातो. किती माल तयार व्हायला हवा ते आधीच ठरवून टाकतो, म्हणजे कागदावरची फुल्ली दिसेनाशी होण्याइतकं सल्फर, आणि तेवढं व्हायला किती सेकंद लागले ते बघतो. पुणे-नाशिक अंतर तेच आहे, एक गाडी चार तासांत पोचली, दुसरी सहा तासांत, तर वेग कुणाचा जास्त हे सांगायला मधले मैलाचे दगड मोजावे लागत नाहीत. तसंच हे. म्हणून वेळ टी असेल तर रेट वन बाय टी च्या प्रमाणात धरायचा. पण लक्षात ठेवा, वन बाय टी हा खरा रेट नाही, रेटच्या प्रमाणातला आकडा आहे, आणि तोही तेव्हाच जेव्हा प्रत्येक फ्लास्कमध्ये फुल्ली झाकायला सारखंच सल्फर लागतंय. या एका अटीवर अख्खा प्रयोग उभा आहे. खालच्या निम्म्या सूचना ही अट पाळण्यासाठीच आहेत.

प्र. हायपो म्हणजे काय? बाटलीवर तर दुसरंच नाव आहे.

सोडिअम थायोसल्फेट. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म फिक्स करायला हेच वापरायचे, तिथलं नाव लॅबमध्येही चिकटलं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की मीठ, पाणी, सल्फर डायऑक्साइड आणि सल्फर तयार होतं. सल्फर पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतं, आधी निळसर धूसर मग पांढरट पिवळं, आणि शेवटी ताकासारखं गढूळ दिसतं.

प्र. प्रत्येक फ्लास्कमध्ये पाणी का घालायचं? नुसतं हायपो कमीजास्त घेतलं तर नाही का चालणार?

नाही चालणार, आणि हा प्रश्न व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास येतो. आम्ही ०.१ मोलर हायपो १०, २०, ३०, ४०, ५० मिली घेतो आणि पाणी अनुक्रमे ४०, ३०, २०, १०, ० मिली, म्हणजे प्रत्येकात एकूण ५० मिली, मग वरून १ मोलर ॲसिड १० मिली. पाणी घातलं नाही तर दोन भानगडी होतात. पहिली, सगळ्यांत हायपोची बाटली तीच, फक्त माप कमीजास्त, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशन हवं तसं बदलतच नाही आणि वर ॲसिडचं मात्र विनाकारण बदलतं. दुसरी भानगड कुणाच्या लक्षात येत नाही: फ्लास्कमधल्या पाण्याची खोली बदलते. फुल्ली आपण वरून बघतो, नजर जितक्या खोल पाण्यातून जाईल तितकी ती लवकर झाकली जाते. म्हणून एकाच साइजचे फ्लास्क घ्या. शेजारच्या टेबलावरून २५० मिलीचा एक उचलून आणला आणि बाकीचे १०० मिलीचे, तर तेवढं एक रीडिंग वेड्यासारखं येणार, मग माझ्याकडे यायचं नाही.

०.१ मोलर बनवायचं असेल तर पेंटाहायड्रेटचे, म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून बसलेले, खडे २४.८ ग्रॅम घेऊन एक लिटर करा. पाव लिटरला ६.२ ग्रॅम. एका ग्रुपला पाव लिटर पुरतं, एखादं रीडिंग परत घ्यायलाही थोडं उरतं.

प्र. फुल्ली पेन्सिलने काढायची की पेनने?

कशानेही काढा, पण पाचही रीडिंगना तीच फुल्ली. आणि तोच डोळा. हे गमतीने म्हणत नाहीये. एका ग्रुपमध्ये चार जण असतात, पहिलं रीडिंग एकाने बघितलं, दुसरं दुसरीने, तिसऱ्याला चष्मा, चौथा म्हणतो अजून दिसतेय, आणि मग पाच-दहा सेकंदांचा फरक निव्वळ माणसांमुळे पडतो. एक जण बघणार, एक जण घड्याळ धरणार, एक लिहिणार, असं आधीच ठरवा. आणि जो बघतो त्याने घड्याळाकडे बघायचं नाही, नाहीतर मागचं रीडिंग आठवून मन आपोआप 'झालं झालं' म्हणायला लागतं. कागद ओला झाला की शाई पसरते म्हणून मी फुल्ल्यांचे कागद लॅमिनेट करून ठेवलेत.

घड्याळ कधी सुरू करायचं यावर भांडण नको: अर्धं ॲसिड पडलं की सुरू, एकदा फ्लास्क फिरवून फुल्लीवर ठेवायचा, मग हलवायचा नाही.

प्र. आमची रीडिंग बरोबर आलीत का हे कसं ओळखायचं?

हायपोची मिली गुणिले सेकंद करून बघा. समजा ५० मिलीला २४ सेकंद लागले तर गुणाकार १२००. मग आदर्श जगात ४० मिलीला ३०, ३० मिलीला ४०, २० मिलीला ६० आणि १० मिलीला १२० सेकंद लागायला हवेत, कारण हायपोच्या बाबतीत रेट साधारण कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढतो. तुमचे गुणाकार ११५०, १२३०, ११९०, १२७० असे आले तर उत्तम. एखादा एकदम १६०० आला तर तो फ्लास्क परत करा, बहुतेक पाणी मोजताना चूक झालीय.

आणि पाचही गुणाकार बरोब्बर १२०० आले तर जर्नल घेऊन माझ्याकडे या, आपण बोलू. कारण ते लॅबमध्ये झालेलं नाही, ते हॉस्टेलच्या खोलीवर कॅल्क्युलेटर घेऊन झालंय. दर वर्षी दोनतीन जर्नल अशी सापडतात, आणि गंमत म्हणजे ज्यांनी खरोखर प्रयोग केला त्यांना आपलं वेडंवाकडं टेबल दाखवायची लाज वाटत असते.

प्र. हायपोची मिली विरुद्ध वन बाय टी हा ग्राफ सरळ रेषेत येत नाही, १० मिलीचा पॉइंट नेहमी बाजूला जातो.

त्या रीडिंगला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि गढूळपणा इतका हळू वाढतो की 'आत्ता गेली' असा क्षणच नसतो. दहा सेकंद इकडेतिकडे होणारच. तेवढं रीडिंग दोनदा घ्या आणि सरासरी काढा. ग्राफ काढताना पॉइंट जोडत डोंगर काढू नका, मधून जाणारी एक सरळ रेघ मारा.

प्र. सकाळच्या बॅचची आणि दुपारच्या बॅचची रीडिंग वेगळी का येतात? सोल्युशन तर तेच होतं.

कारण टाकी गच्चीवर आहे! एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता नळाला जे पाणी येतं त्याने हात भाजतो, सकाळी आठला तेच पाणी गार असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रिॲक्शनचा रेट साधारण दुप्पट होतो, म्हणजे सकाळी ४० सेकंद लागणाऱ्या फ्लास्कला दुपारी पंचवीसच लागले तर त्यात नवल नाही. उपाय सोपा आहे, डायल्यूट करायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून लॅबमध्येच ठेवायचं. आणि जर्नलमध्ये तापमान लिहायचं. 'रूम टेंपरेचर' असं लिहू नका, डिसेंबरातलं नाशिक आणि मेमधलं चंद्रपूर या दोन्हीकडे रूमच असते.

प्र. दहा अंशांना दुप्पट, हा नियम आहे का?

नियम नाही, अंदाज आहे. खरं समीकरण स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनिअसचं, १८८९ सालचं. त्यात ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन व्हायला लागणारी किमान ऊर्जा, असते आणि ती प्रत्येक रिॲक्शनची वेगळी. ती ५० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असेल तर २७ अंशांवरून ३७ वर गेल्यावर रेट १.९ पट होतो, म्हणून 'दुप्पट' म्हणतात. एनर्जी जास्त असेल तर तिप्पटही होईल.

तुमच्याच रीडिंगमधून ही एनर्जी काढता येते. समजा ३० अंशांना ४० सेकंद लागले आणि ४० अंशांना २१ सेकंद. दोन्हींचं गुणोत्तर १.९, आकडे समीकरणात घाला, साधारण ५१ किलोज्यूल येतात. तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका, निम्मी मुलं तिथेच मार खातात. चारपाच तापमानांची रीडिंग असतील तर लॉग वन बाय टी विरुद्ध केल्विनचा व्यस्त असा ग्राफ काढा, रेघ खाली उतरत जाते आणि उतारावरून एनर्जी मिळते. इथे लहान टी म्हणजे वेळ आणि मोठा टी म्हणजे तापमान, दोन्ही एकाच पानावर येतात, नीट लिहा.

प्र. तापवायचं कसं? ॲसिड घालून मग बर्नरवर ठेवू?

अजिबात नाही. हायपो आणि पाणी तापवायचं, मग खाली उतरवून फुल्लीवर ठेवायचं, थर्मामीटर बघायचा आणि मग ॲसिड. शेवटी परत थर्मामीटर बघा, मधल्या काळात दोनचार अंश उतरलेले असतात, सरासरी लिहा. ५५ च्या वर मी जाऊ देत नाही, एक तर फुल्ली इतक्या झटकन जाते की अंगठा दाबेपर्यंत संपलेलं असतं, आणि गॅसही जास्त बाहेर येतो.

प्र. तो उग्र वास कशाचा? घातक आहे का?

सल्फर डायऑक्साइडचा, काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तसा. दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा, लपवू नका, तुम्हाला खिडकीजवळ घड्याळाचं काम देऊ. फ्लास्कवर तोंड नेऊन बघायचं नाही, हातभर अंतरावरून फुल्ली नीट दिसते. आणि रीडिंग झाल्या झाल्या फ्लास्क ओतून टाकायचा, सगळे पाच रांगेत मांडून ठेवायचे नाहीत, कारण फुल्ली गेली म्हणजे रिॲक्शन संपली असं नाही, ती पुढे चालूच असते आणि गॅस सोडत बसते. माझ्या लॅबमध्ये बेसिनशेजारी एक टब असतो, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि थोडं फिनॉल्फ्थॅलीन, जे सोड्यात गुलाबी दिसतं. त्यात ओतलं की ॲसिड मरतं, रिॲक्शन थांबते. टबातला गुलाबी रंग गेला की अजून सोडा टाकायचा.

प्र. आमचं हायपो ॲसिड घालायच्या आधीच पांढरट दिसतंय, चालेल?

नाही चालणार, ते बिघडलंय. पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड आणि काही जिवाणू, दोन्ही हायपोला फोडतात आणि सल्फर बाहेर पडतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हौसेने शुक्रवारीच पाच लिटर सोल्युशन करून ठेवलं होतं, साध्या टाकीच्या पाण्यात, बाटल्याही नुसत्या विसळलेल्या. सोमवारी सकाळी बाटली उजेडात धरली तर आत दुधाची निवळी. वेळ नव्हता म्हणून तसंच वापरलं आणि चाळीस मुलांची रीडिंग अशी आली की दोन फ्लास्कमध्ये तर २० मिलीवालं ३० मिलीच्या आधी झाकलं. तेव्हापासून पाणी उकळून गार करून घेते, सोल्युशन आदल्या दिवशी संध्याकाळी करते आणि उरलं तर फेकते.

प्र. ॲसिड दुप्पट केलं तरी वेळ फारसा बदलला नाही. समीकरणात तर ॲसिडचे दोन मोल आहेत!

तुमचं चुकलेलं नाही. समीकरणातला दोन हा आकडा हिशेबाचा आहे, रेट कशावर अवलंबून आहे ते त्यावरून ठरत नाही. ही रिॲक्शन एका उडीत होत नाही, पायरीपायरीने होते, आधी सल्फरच्या साखळ्या वाढतात, मग आठ-आठ अणूंची कडी बनून बाहेर पडते. वेग कुठल्या पायरीवर अडतो त्यावर सगळं. म्हणून ऑर्डर, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनच्या कितव्या घातावर रेट अवलंबून आहे तो आकडा, ही प्रयोगातूनच काढायची असते, व्हायवाला एवढं म्हटलात तरी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, खूश.

प्र. आयोडीन क्लॉकमध्ये रंग एकदम कसा येतो? हळूहळू का येत नाही?

माझा सगळ्यात आवडता प्रयोग. पोटॅशिअम आयोडाइड, डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, स्टार्च, मोजून थोडं हायपो, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. सगळं पाण्यासारखं दिसतं, मुलं कंटाळून इकडेतिकडे बघायला लागतात आणि तेवढ्यात फ्लास्क काळा-निळा होतो, पापणी लवली तर तो क्षण हुकतो.

आयोडीन तर पहिल्या सेकंदापासून बनत असतं. पण हायपो ते बनताक्षणी खाऊन टाकतं, स्टार्चपर्यंत पोचूच देत नाही. हायपो संपलं की पुढचं आयोडीन मोकळं, आणि स्टार्च निळा. म्हणजे इथे हायपो रिॲक्शनचा वेग ठरवत नाही, ते फक्त मोजमापाची वाटी आहे, भरली की घंटा वाजते. खात्री करायची असेल तर बाकी सगळं तेच ठेवून फक्त हायपो दुप्पट करा, वेळ साधारण दुप्पट लागेल आणि रेट मात्र होता तोच! इथे वन बाय टी काढून 'रेट निम्मा झाला' असं लिहिणारे बरेच असतात, म्हणून म्हणते, प्रत्येक रीडिंगला वाटी तीच ठेवा.

आयोडेट आणि सल्फाइट वापरूनही हेच होतं, ते मूळ लँडोल्ट या रसायनशास्त्रज्ञाचं, १८८६ सालचं.

स्टार्च ताजा करा. थोड्या गार पाण्यात कॉर्नफ्लोअर कालवून उकळत्या पाण्यात ओता, झालं. एकदा स्टार्चची बाटली रिकामी निघाली तेव्हा आमच्या लॅबच्या मावशींनी उपवासाच्या डब्यातला साबुदाणा उकळून दिला होता, झकास निळा आला. फक्त फार तापवून हा प्रयोग करू नका, गरम पाण्यात तो निळा रंग टिकत नाही.

प्र. दहावीचा शहाबादी फरशीचा प्रयोग, तुकडे आणि चुरा. नेमकं काय मोजायचं?

वर्गात नुसतं 'चुरा जास्त फसफसतो' एवढं बघितलं तरी चालतं, पण मोजायचं असेल तर दोन रस्ते. एक, फ्लास्क वजनकाट्यावर ठेवून दर अर्ध्या मिनिटाला वजन लिहायचं, तोंडावर कापसाचा बोळा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत पण गॅस जातो. एक ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटमधून ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, त्यामुळे किराणा दुकानातला काटा उपयोगाचा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा लागतो. दुसरा, नळीतून गॅस पाण्याखाली उलट्या धरलेल्या मोजपात्रात घ्यायचा. त्या एका ग्रॅमचे २४० मिली होतात म्हणून १०० मिलीच्या मोजपात्राला पाव ग्रॅमच घ्या. हा गॅस पाण्यात विरघळतो, तेव्हा एक-दोन ट्रायल करून मोजपात्राखालचं पाणी आधी गॅस पिऊन तृप्त होऊ द्या.

ग्राफ सुरुवातीला उभा आणि मग आडवा होत जातो, कारण ॲसिड संपत चाललंय. तुकडे आणि चुरा सारख्याच वजनाचे आणि ॲसिडही सारखंच असेल तर दोन्ही रेघा शेवटी एकाच उंचीवर टेकतात. शहाबादीत थोडी माती असते त्यामुळे तळाला करडा गाळ राहतो, घाबरू नका. आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरू नका, दगडावर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसतो आणि सगळं गप्प होतं.

प्र. ॲल्युमिनिअम झिंकपेक्षा जास्त रिॲक्टिव्ह ना? आमच्या परीक्षानळीत तर झिंकच आधी फसफसलं.

अगदी खरं दिसलं तुम्हाला, पुसून पुस्तकातलं लिहू नका. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ पण चिवट पापुद्रा असतो, ॲसिडला आधी तो फोडावा लागतो. पाचदहा मिनिटं थांबा, मग बघा, नळी गरम होईपर्यंत उसळतं. मॅग्नेशिअमच्या पट्टीचंही तेच, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्याशिवाय वेळ मोजू नका.

प्र. पेरॉक्साइडमध्ये काळी पावडर टाकली, ती संपली का?

नाही, मँगनीज डायऑक्साइड उत्प्रेरक आहे, गाळून वाळवून वजन केलं तर तेवढंच भरतं. बाटलीवर '१० व्हॉल्यूम' लिहिलं असेल तर १ मिलीतून १० मिली ऑक्सिजन निघतो, म्हणून १०० मिलीच्या मोजपात्राला १० मिलीपेक्षा जास्त घेऊ नका. कच्च्या बटाट्याची फोड टाकूनही बुडबुडे येतात, उकडलेल्या बटाट्याने येत नाहीत.

प्र. घरी काय करता येईल?

फसफसणारी व्हिटॅमिन सीची गोळी घ्या. एक अख्खी, एक चार तुकडे केलेली, एक कुटलेली, तीन सारख्या ग्लासांत सारखंच पाणी. मग गार, साधं आणि कोमट पाणी घेऊन परत. झाकण लावून बंद करायचं नाही, बाटली फुटते. फळ्याचा खडू आणि व्हिनेगर असं नेटवर बघून करता आणि मग काहीच होत नाही म्हणून फोन करता, अहो बरेच खडू जिप्समचे असतात, ते फसफसत नाहीत. अंड्याचं कवच चालतं. रांगोळीचं काही सांगता येत नाही, एखादी फसफसते एखादी नाही, आधी थेंब टाकून बघा. टॉयलेट क्लीनरला हातही लावू नका, त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरिन निघतो.

प्र. मोबाइल वापरू दिला तर?

फुल्लीचा वरून व्हिडिओ घ्या, शेजारी चालू घड्याळ ठेवा, मग तिघांनी वेगवेगळं बघून आपापला वेळ लिहा. किती फरक पडतो ते बघून तुम्हीच चाट पडाल. लाइट मीटरचं ॲप असेल तर फ्लास्कच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला फोन, उजेड निम्मा झाला की थांबायचं. मग डोळ्याचा प्रश्नच मिटला, फक्त मध्ये कुणी सावली पाडायची नाही.

प्र. फ्लास्क धुतला तरी आत पांढरं राहतं.

ते सल्फर आहे, पाण्याने जात नाही. साबण आणि ब्रश, आणि तेही लगेच, वाळलं की नखाने खरवडत बसाल. नीट विसळा, आत ॲसिडचे चार थेंब राहिले तर पुढचं हायपो घड्याळ सुरू व्हायच्या आधीच गढूळ व्हायला लागतं.

प्र. एक रीडिंग चुकलं, जर्नलमध्ये व्हाइटनर लावू का?

नको. एक आडवी रेघ मारा, आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला लिहा 'पाणी घालायचं राहिलं' किंवा 'फ्लास्कला धक्का लागला'. मग खाली नवीन रीडिंग. मार्क कापत नाही मी त्याचे.